बिनवचनाचा रुपया

लोणच्याच्या बरणीत मुरलेली दहाची नोट कशी वाचवावी, हे मला विचारा. आधी ती टीपकागदाच्या दोन पानांत ठेवायची, वर वजन द्यायचे आणि तेल सुटेपर्यंत हात लावायचा नाही. गिरगावातल्या एका बाईंनी नवऱ्यापासून पैसे लपवायला बरणी निवडली होती आणि लोणचे उपसून नोटा आमच्याकडे घेऊन आला तो नेमका नवराच. बाईंचे घरी काय झाले ते कळले नाही, पण आमच्या खिडकीला पुढे आठवडाभर मोहरीचा वास येत होता.

फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत फाटक्या, जळक्या, भिजलेल्या नोटा तपासून बदलून देण्याचे काम मी आयुष्यभर केले. आम्हाला नोट तपासनीस म्हणत. नाव मोठे असले तरी काम सोनार आणि परीट यांच्या मधले होते. चिमटा, भिंग, पाण्याची वाटी, काचेची पट्टी आणि खिडकीतून येणारा उजेड, एवढेच सामान. नोट उजेडासमोर धरायची, आतली पाणछाप बघायची, नंबर जुळवायचा, तुकडे मूळ जागी बसवायचे. पुरेशी नोट शाबूत असेल तर कोरी नोट द्यायची. जुनी नोट रद्द करण्यासाठी तिची गड्डी बांधून यंत्राखाली घालायची. यंत्र गड्डीतून आरपार दोन गोल भोके पाडी. अशी भोके पडलेली नोट म्हणजे मेलेली नोट. पुढे ती भट्टीत जायची.

आमच्याकडे येणारी माणसेही नोटांसारखीच तऱ्हेतऱ्हेची. रे रोडच्या एका लाकूडवाल्याने ओंडक्याला भोक पाडून आत नोटा ठेवल्या आणि वरून खुंटी ठोकली. तो जेवायला गेला असताना त्याच्या भावाने तो ओंडका विकला आणि ओंडका करवतीवर चढला. लाकूडवाला आमच्याकडे भुशाचे पोते घेऊन आला. ‘यातच हायेत सगळ्या,’ एवढेच तो म्हणत राहिला. आम्ही तिघे चिमटे घेऊन बसलो आणि शिंका देत देत बऱ्याच नोटा उभ्या केल्या. गेल्या किती ते त्याने आम्हाला सांगितले नाही. भावाला मात्र सांगितले असणार.

एकदा परळचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांची नोट चांगली कोरी होती, एक रुपयाची. म्हणाले, ‘ही बदलून द्या. हिच्यावर वचन नाही.’

मी नवा होतो, मला कळेना. आमचे साहेब नाडकर्णी आतून उठून आले. गिरगावात राहणारे, मूळचे सावंतवाडीकडचे, पेन्शनीला टेकलेले गृहस्थ. कोट कधी काढत नसत. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली आणि दहाची व एकाची अशा दोन नोटा पुढ्यात ठेवल्या. दहाच्या नोटेवर बँकेचे वचन असते, की नोट घेऊन येणाऱ्याला मी दहा रुपये देईन. म्हणजे ती नोट बँकेचे देणे आहे. एकाच्या नोटेवर तसे काही नसते. ती सरकारने स्वतः काढलेली, खाली अर्थखात्याच्या सचिवाची सही आणि कायद्याने ती नाण्याच्याच बरोबरीची.

‘मास्तर, दहाच्या बदल्यात मी तुम्हाला दहा रुपये देईन,’ नाडकर्णी म्हणाले. ‘पण रुपयाच्या बदल्यात काय देऊ? रुपयाच ना? हाच तो रुपया.’

‘मग सरकारने हा कशाच्या जोरावर छापला? कुणाकडून काढले कर्ज?’

‘कुणाकडून नाही. छापला आणि झाला.’

मास्तर तसेच गेले, समाधान न होता. नंतर नाडकर्णींनी मला याचा मागला इतिहास सांगितला. पहिल्या महायुद्धात चांदी पुरेना, तेव्हा इंग्रज सरकारने प्रथम कागदाचा रुपया काढला. त्यावर वचन होते. ‘हा घ्या, मागाल तेव्हा चांदीचा देऊ,’ असे. पुढे तो बंद केला. दुसऱ्या युद्धात पुन्हा चांदीची ओढाताण झाली आणि कागदी रुपया परत आला, पण यावेळी वचन गाळून. लोकांनी कुरकुर केली आणि मग वापरू लागले. भाजी येते, तिकीट येते, मग वचन हवे कशाला? इंग्रज गेले, नोटेवरचा राजाचा चेहरा गेला, सिंह आले. वचन काही परत आले नाही.

‘या नोटेवर कुणी कुणाचे देणे लागत नाही, कांबळे,’ नाडकर्णी म्हणाले होते. ‘अर्थशास्त्री याला मोठी सोय म्हणतात.’

मला ते तेव्हा गमतीचे वाटले होते. पुढे सगुणाबाई आल्या आणि गंमत संपली.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या डिलाईल रोडला रोज सभा, रोज मिरवणूक, भिंतीभिंतीवर चुन्याने घोषणा. मी सरकारी नोकर, त्यामुळे मोर्चात उघड जायची सोय नव्हती, पण सभेच्या कडेला उभा असायचो. फोर्टात गोळीबार झाला त्या दिवशी आम्हाला कचेरीत कोंडून ठेवले होते. खिडक्या बंद, बाहेर आरडाओरडा, आणि मग फटाक्यांसारखे आवाज. नाडकर्णी एका जागी बसून कोटाची बटणे लावत होते आणि काढत होते. संध्याकाळी आम्हाला मागच्या दाराने सोडले. रस्त्यावर चपला पडल्या होत्या, नुसत्या चपला.

त्यानंतर काही आठवड्यांनी खिडकीशी एक बाई आली. नऊवारी, कपाळ मोकळे, हातात पितळी डबा. मी तिला ओळखले, सगुणाबाई. डिलाईल रोडवर तिची खाणावळ होती. कोकणातून आलेले, गिरणीत खपणारे एकटे पुरुष तिच्याकडे महिन्याने जेवत. आमची चाळ पलीकडच्या अंगाला, आमच्या वस्तीतली माणसे तिच्याकडे जेवायला जात नसत आणि तिनेही कधी बोलावले नव्हते. तिच्या सुक्या बांगड्याचा वास तेवढा आमच्या जिन्यापर्यंत येई. तिचा मुलगा दत्ताराम गिरणीच्या साचेखात्यात, मागावर कामाला होता. सभेत चटया अंथरताना मी त्याला पाहिले होते. तो गेल्याचे आमच्या चाळीत कळले होते, पण कसा गेला, याची चर्चा कुणी मोठ्याने करत नव्हते. पोलीस पोरांना उचलत होते.

तिने डबा उघडला. आत एकेकाच्या नोटा होत्या, नीट रचलेल्या. मी वरची उचलली. नोट स्वच्छ होती, पाट्याखाली दाबून सपाट केलेली. आणि तिला दोन गोल भोके होती, अगदी आमच्या यंत्रासारखी. दुसरी उचलली, तिलाही तीच. सगळ्यांना तीच, त्याच जागी.

आमच्या धंद्यात याचा एकच अर्थ होतो. रद्द झालेल्या नोटा भट्टीत जाण्याआधी कुणीतरी बाहेर काढल्या. असे एकदा घडले होते आणि त्यात दोन माणसे तुरुंगात गेली होती. मी काही बोलायच्या आत शेजारच्या तपासनिसाने घंटी दाबली. पहारेकरी दाराशी येऊन उभा राहिला. नाडकर्णी बाहेर आले, त्यांनी एक नोट उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

‘बाई, या नोटा तुम्हाला कुणी दिल्या?’

‘माझ्या झिलाच्यो.’

‘मुलगा कुठे काम करतो? या कचेरीत?’

‘गिरणीत.’

‘बोलवा त्याला. कुठे आहे?’

‘नाय.’

‘नाही म्हणजे? पळाला?’

मी ‘साहेब’ म्हणून पुढे झालो, पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिने डब्यातल्या नोटा उचलल्या, सारख्या केल्या आणि मधोमध एक घडी घातली. दोन भोकांचे एक भोक झाले. ती घडी तिने स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला धरली, शर्टाचा खिसा असतो तिथे.

‘हय होती,’ ती म्हणाली. ‘तांदूळ आणूक धाडललंय तेका, मस्जिद बंदराक. येताना सभा बघूक गेलो.’

पहारेकऱ्याने दारात आडवा धरलेला हात खाली घेतला. नाडकर्णींनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावायचे विसरले.

‘यांच्यावर डाग नाही काहीच,’ मी म्हणालो. मला काहीतरी बोलायचे होते म्हणून बोललो.

‘धुतलंय,’ ती म्हणाली. ‘तांबडे पैसे दुसऱ्याच्या हातात कसे देवचे? तीन पाण्यान धुतलंय नि पाट्याखाली ठेवलंय. मगे वाण्याक देवक गेलंय तर तो म्हणता, भोकाची नोट चलना नाय.’

तिने चांगुलपणाने धुतल्या होत्या. त्यात रक्त गेले, जळका काठ गेला, चिंध्या उडालेल्या कडा पाट्याखाली बसल्या. जो काही पुरावा होता तो तिने स्वतःच्या हाताने साफ केला आणि मग त्या नोटा घेऊन नेमकी अशा माणसांपुढे आली, ज्यांना गोल भोक दिसले की चोरीच सुचते. मुलगा गेलाच होता. आता तो चोर ठरायच्या बेतात होता, आणि तेही त्याच्या आईने स्वच्छ हातांनी पैसे आणून दिले म्हणून.

नाडकर्णींनी तिला आत नेऊन बसवले. मी नोटा तपासल्या. चांगल्या होत्या, खऱ्या होत्या, नंबर शाबूत होते. खाणावळीतले लोक महिन्याचे पैसे एकेकाच्या नोटांनी देत, त्याच या. बदलून द्यायला काही हरकत नव्हती. अडचण होती ती कागदावर. बँकेच्या नोटा बदलल्याचा कागद आमच्या कचेरीतच संपे. एकाची नोट सरकारची स्वतःची, म्हणून तिचा कागद वेगळा असे, तो दिल्लीला जाई आणि त्यावर ‘नुकसानीचे कारण’ अशी एक ओळ असे. आग, पाणी, वाळवी, उंदीर, काहीही चाले.

मी म्हणालो, ‘साहेब, गोळी लिहू या.’

नाडकर्णी तिच्याकडे वळले आणि एकदम घरच्या बोलीवर आले. तोवर मी त्यांना कचेरीत तसे बोलताना ऐकले नव्हते.

‘बाये, गोळी लिवलंय तर ह्यो कागद दिल्लीक जातलो, थंयसून पोलिसांत जातलो. तुझ्या घरात चौकशी येतली. तुझ्याकडे जेवणाऱ्या पोरांका उचलतले. पैसे तर हाताक गावचेच नाय.’

‘मगे काय लिवतास?’

‘उंदीर लिवतंय.’

ती ताठ झाली. ‘माझ्या घरात उंदीर नाय. मी खाणावळ चालवतंय. असला लिवलास तर उद्या माझ्याकडे कोण जेवतला?’

मला त्या क्षणी हसू आले, आणि त्याची लाज अजून वाटते असे म्हणणार नाही. ते हसू रडण्याच्याच जागेवरून आले होते. नाडकर्णीही क्षणभर हसले. मग त्यांनी टेबलावरचा तो उभा खिळा बघितला, ज्यात आम्ही पावत्या खोचत असू.

‘खिळ्याला खोचून ठेवल्या होत्या, असं लिहितो,’ ते म्हणाले. ‘चालेल?’

‘खिळो,’ ती म्हणाली. तिने तो शब्द तोंडात घोळवला. ‘लिवा. खिळ्याची कसली लाज?’

त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहिले. तिने अंगठा उठवला. मी कोऱ्या नोटा मोजून दिल्या, त्या तिने डब्यात ठेवल्या. डबा बंद करता करता तिने एका कोऱ्या नोटेवर बोट ठेवले.

‘ह्येच्यार कोणाचा नाव असा?’

‘सरकारचे,’ मी म्हणालो.

‘सरकारान गोळी घातल्यान, नोट पण सरकाराचीच. मगे सरकार माझा काय देणा लागता, ता खय लिवलेला असा?’

परळच्या मास्तरांना नाडकर्णींनी खुर्ची देऊन उत्तर दिले होते, आता त्यांनी लिहिलेल्या कागदावर टीपकागद दाबला. ती उठली. जाताना तिने आपल्या जुन्या नोटांकडे बघितले. त्या टेबलावर पडल्या होत्या, घडी अजून पुरती मोडली नव्हती.

‘ह्यांचा काय करतलास?’

‘सरकारजमा होतात,’ मी म्हणालो. आमच्या कचेरीत असेच म्हणायची पद्धत होती. तेवढ्यात पुढच्या गिऱ्हाइकाने खिडकीवर टकटक केली आणि ती गेली.

नियम तो नियम. तिच्या नोटाही गड्डीत बांधल्या गेल्या आणि यंत्राखाली गेल्या. आधीच भोके असलेल्या नोटांना आणखी दोन भोके. त्या महिन्याच्या भट्टीला साक्षीदार म्हणून माझी पाळी होती. नोटांची गड्डी सहज जळत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसते. वरून काळी होते आणि आत कोरी राहते. लोखंडी सळईने सारखी ढवळावी लागते. त्या दिवशी मी सळई दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. कुठल्या गड्डीत तिच्या नोटा आहेत ते मला कळणार नव्हते, कारण तिथे सगळ्याच नोटांना भोके होती. मी सगळीच राख होईपर्यंत ढवळत राहिलो.

पुढे चार वर्षांत बरेच काही झाले. नवे पैसे आले, आण्यांचे हिशेब करता करता भाजीवाले आणि कंडक्टर हमरीतुमरीवर आले. नाडकर्णी निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘कांबळे, मी एकच खोटा कागद लिहिला.’ मी म्हणालो, ‘माहीत आहे साहेब.’ त्यावर आम्ही दोघांनी चहा संपवला.

आणि मग महाराष्ट्र झाला. त्या रात्री डिलाईल रोड दिव्यांनी असा उजळला होता की चाळीची पोपडे आलेली भिंतही नवी वाटत होती. ढोल, लेझीम, गुलाल. माझ्या मनात आनंद होता, खोटे का बोलू? पण पाय आपोआप खाणावळीकडे गेले. मी दारात उभा राहिलो. आत दोन-तीन माणसे जेवत होती. सगुणाबाई थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखले.

‘कचेरीतलो ना तू? बस. भात गरम असा.’

मी बसलो. त्यांनी इतरांच्या पंगतीत माझे ताट मांडले आणि माशाचे सार वाढले. बाहेर लोक संयुक्त महाराष्ट्राच्या नावाने गर्जना करत होते आणि दर गर्जनेला त्यांचा वाढता हात थोडा थांबायचा.

जेवण झाल्यावर मी एक रुपयाची नोट पुढे केली. त्या घेत नव्हत्या, मी आग्रह केला. तेव्हा त्यांनी ती घेतली आणि वरच्या दिव्यासमोर धरली. आम्ही कचेरीत धरायचो अगदी तशी, दोन्ही हातांनी, ताणून.

‘मावशी, खरी आहे,’ मी हसून म्हणालो. ‘तपासनिसाने दिलेली नोट आहे.’

‘खरी-खोटी नाय बघत. भोकां बघतंय.’ त्यांनी नोट डब्यात टाकली. ‘तुमी तेव्हा म्हणालास, सरकारजमा. सरकार काय घरात ठेवता काय नोटी? परत बाहेर काढतलाच. फिरत फिरत एक तरी माझ्याकडे येतली. ती मात्र मी वाण्याक देवचंय नाय.’

माझ्या हाताला अजून साराचा आंबट वास होता. भट्टी मी ढवळली होती. खरे सांगायचे तर तिथेच सांगायला हवे होते, असे लोक म्हणतील. त्या लोकांनी त्या पंगतीत बसून सगुणाबाईंच्या तोंडाकडे बघावे आणि मग म्हणावे.

‘नोटा फार फिरतात मावशी,’ मी म्हणालो. ‘वेळ लागतो.’

‘लागूंदे,’ त्या म्हणाल्या आणि मला आणखी भात वाढला.

सगुणाबाई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. खाणावळीच्या जागी आधी शिलाईचे दुकान आले, मग कुलूप. एकाची नोट आता क्वचितच दिसते. लग्नाच्या आहेरात मात्र लोक अजून आवर्जून घालतात, पन्नासावर एक. परवा नातीच्या लग्नात पाकिटे उघडायला मला बसवले. आजोबा नोटांतले जाणकार, म्हणून. मी प्रत्येक पाकिटातली एकाची नोट वेगळी काढून ट्यूबलाइटसमोर धरत होतो. पोरे हसत होती. ‘आजोबा, एक रुपयाची खोटी नोट कोण छापेल?’

बरोबर आहे, कोण छापेल? आणि जी मी शोधतो ती कुठेच नाही, हे माझ्याइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. तिची राख मी माझ्या हाताने केली. तरी पुढचे पाकीट उघडले की नोट वर जाते, आणि मी बघतो.